गरम झाली की स्टार्ट न होणारी 2001 ची व्हीटेक, आणि तुझे 70 हजार

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला, आधी मला जे कळलंय ते बरोबर आहे का बघ. 2001 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक, कोल्हापूरकडून घेतलेली, नंबर एमएच-09, तू राहतोस निपाणीत. मीटरवर 1 लाख 68 हजार. तवंदी घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकतो. वर पोचून चहाला थांबलास की गाडी गरम असताना पुन्हा स्टार्ट होत नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप होते. थंडीत सकाळी बेळगावला येताना व्हीटेकची ती किक (ठराविक आरपीएमनंतर वाल्व जास्त उघडून अचानक मिळणारी ओढ) बसत नाही, कधीतरी दुपारी बसते. हातात 70 हजार आहेत आणि त्यात कोन फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग, 16 इंची अलॉय, आणि पुढच्या वर्षी जमलं तर मोठं इंजिन टाकायचं. जमेल तेवढं घरी स्वतः करायचं. विचारलास ते एवढंच की सुरुवात एक्झॉस्टनं करू की फिल्टरनं.

दोन्हींनी नको. या गाडीला कंपनीतून निघताना सुमारे 106 हॉर्सपॉवर होती आणि वजन टनाच्या आसपास, आजही तेवढी जिवंत असेल तर हायवेला नव्या गाड्यांना बरोबर येते. तुझ्याकडं ती 106 राहिलेलीच नाही. कुठं तरी 80-85 वर आली असेल, बाकीची गळालीय, आणि तू गळकं भांडं तसंच ठेवून वरनं आणखी ओतायला निघालायस. आधी गळालेली परत आण. त्याला पैसे कमी लागतात आणि बरंचसं काम खरंच घरी होतं.

माझं सांगायचं तर बेळगावच्या उद्यमबागेत हेड आणि ब्लॉकचं मशिनिंगचं काम करतो, आणि अशीच एक सिटी स्वतः सांभाळतो. म्हणजे माझ्याकडं गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेलं असतं, हेड टेबलावर असतं, त्यामुळं माझं मत थोडं भित्र्या माणसाचं वाटेल तर वाटूदे. आणि गाडी न बघता सांगतोय, त्यामुळं दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे, एक म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) शाबूत आहे का आणि दुसरं टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदललाय. या दोन्हींचं उत्तर वाईट आलं तर खाली लिहिलेला क्रम बदलेल, ते ते तिथं सांगतो.

आता बघ, तुझ्या तक्रारी तीन वाटतात पण त्यातल्या दोन माझ्या मते एकाच जागी आहेत. एकच गाडी सकाळी गरम होत नाही आणि घाटात थंड राहत नाही, हे ऐकलं की माझा पहिला संशय असा की मागच्या कुणीतरी मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वाल्व) काढून टाकलाय. आपल्याकडं ही जुनी सवय आहे, गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढायचा, "आता पाणी मोकळं फिरतंय" म्हणायचं, गिऱ्हाईक खूश. खरं दुखणं असतं रेडिएटरमध्ये, आतल्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी बुजलेल्या असतात, नाहीतर कॅप मेलेली असते, नाहीतर फॅन उशिरा लागत असतो. थर्मोस्टॅट काढल्यावर काय होतं तर मोकळ्या हायवेला सकाळच्या गार हवेत इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, आणि घाटात लोड आला की बुजका रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही म्हणून काटा वर जातो. दोन्ही त्रास एकाच गाडीत.

आणि व्हीटेकचा संबंध इथंच येतो. ही सिस्टिम नुसत्या आरपीएमवर चालत नाही. कॉम्प्युटर आरपीएम बघतो, लोड बघतो, गाडीचा स्पीड बघतो आणि कुलंटचं तापमान पण बघतो, पाणी पुरेसं तापलेलं नसेल तर तो सोलेनॉइडला (व्हीटेकसाठी ऑइलची वाट विजेवर उघडणारा वाल्व) सिग्नलच देत नाही, तू 6 हजारपर्यंत खेच नाहीतर लाल रेषेपर्यंत. म्हणून सकाळी किक नाही आणि दुपारी आहे. तुला वाटतंय इंजिन थकलं, पण कॉम्प्युटरच्या हिशोबानं ते अजून थंडच आहे. शिवाय तो थंड समजून पेट्रोल पण जास्त सोडतो, ॲव्हरेजबद्दल तू काही लिहिलं नाहीस पण पडलेलं असणार.

बघायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट कर आणि रेडिएटरचे वरचे-खालचे होज हातानं चाचप. थर्मोस्टॅट असेल तर बराच वेळ खालचा होज गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच दोन्ही हळूहळू एकसारखे कोमट व्हायला लागले तर आत थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय. नवीन घेताना 78-80 डिग्रीच्या आसपास उघडायला लागणारा, कंपनीचा किंवा चांगल्या मेकचा घे, आणि बसवायच्या आधी घरी पातेल्यात पाणी तापवून उघडतो का ते डोळ्यांनी बघ.

रेडिएटर बाहेर काढायला ही गाडी अवघड नाही, बंपर काढावा लागत नाही. काढून रेडिएटरवाल्याकडं दे, पण नुसतं "फ्लश" नको सांगू, तिरका धरून पाणी किती वेगानं खाली येतं ते समोर उभं राहून बघ. प्लॅस्टिकची टाकी पिवळी पडून कडकडीत झाली असेल तर दुरुस्तीच्या नादाला लागू नकोस, नवीन घे. कॅप तर डोळे झाकून नवीन, 1.1 बारची. लोक कॅपला झाकण समजतात, पण आपलं बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, उघडं पाणी इथं 97-98 लाच उकळतं, आणि कॅपनं दाब धरला की तेच पाणी 120 पर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की ही सगळी मार्जिन गेली. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेव, इंजिनवर होज बसतो तिथला ब्लीड बोल्ट सैल कर, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळ. हवा आत राहिली तर नवीन रेडिएटर टाकूनही काटा नाचतो आणि मग माणूस विनाकारण हेड उघडायला निघतो.

हे करूनही किक नियमित नसेल तर ऑइलकडं बघ. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालते, डिपस्टिकवर लेव्हल खालच्या खुणेशी असेल तर वळणावर नाहीतर चढाला दाब पडतो आणि सिस्टिम बंद होते. या वयाची इंजिनं ऑइल पितात थोडं, ते असूदे, दर पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवय लाव. हेडच्या बाजूला व्हीटेक सोलेनॉइड आहे, त्याच्या गॅस्केटमध्येच बारीक जाळी असते, ती गाळानं भरते. तीन बोल्ट, अर्ध्या तासाचं काम, जाळीसकट गॅस्केट नवीन टाक. तिथनं ऑइल पाझरून खाली पडत असेल तर तेही थांबेल. हे काम मात्र शंभर टक्के घरी करण्यासारखं.

आता गरम असताना स्टार्ट न होणं. हे वेगळं दुखणं आहे, काट्याशी त्याचा थेट संबंध नाही, गाडी उन्हात उभी राहिली तरी असंच होत असेल बघ. त्या काळच्या होंडात डॅशबोर्डखाली एक मेन रिले असतो, पेट्रोल पंप आणि इंजेक्शनला करंट देणारा. वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या आतल्या सोल्डरला केसासारख्या गोल चिरा पडतात, केबिन तापलं की चीर उघडते, थंड झालं की परत जुळते. म्हणून तुझी गाडी "आपोआप" स्टार्ट होते आणि गॅरेजला नेईपर्यंत एकदम शहाणी होते. पुढच्या वेळी बंद पडली की क्रँक मारत बसू नकोस, बॅटरी उतरवशील. काचा वर कर, एसीचा फॅन बंद कर, चावी ऑनला आण आणि मागच्या सीटकडं कान दे. पंप दोन सेकंद "झूं" करून थांबला पाहिजे. आवाजच नाही आला तर बहुतेक रिले. आवाज आला आणि तरी स्टार्ट नाही, तर स्पार्क बघायचा, आणि तेव्हा संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) इग्नायटर नाहीतर कॉइलवर, तेही गरम झाले की मरणारे. चालू गाडीत टॅकोमीटरचा काटा मधेच शून्यावर पडून परत येत असेल तर बहुतेक इग्नायटर समज.

रिले निघाला तर नवीन घेतलास तरी चालेल पण सोल्डर मारता येत असेल तर जुनाच उघड, भिंगातनं बघ, पायांभोवती काळी कडी दिसेल, जुनं सोल्डर थोडं ओढून काढ आणि नवीन भर. आपल्याकडं टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कुणीही हे करून देतो. स्पार्क बघताना मात्र प्लगची वायर हातात धरून किंवा हवेत सोडून क्रँक मारायचं नाही, शॉक तर बसतोच पण इग्नायटर चांगला असला तरी उडतो. स्वस्तातला स्पार्क टेस्टर मिळतो, तो घे.

टायमिंग बेल्टबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस आणि मला खरी काळजी तिथं आहे. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो तुटला तर वाल्व पिस्टनवर आपटतात. लाखभर किलोमीटरला किंवा सहा-सात वर्षांनी, जे आधी येईल ते. मागच्या मालकाकडं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धर, "बदललाय बहुतेक" या शब्दाची किंमत शून्य. बेल्टबरोबर टेन्शनर, वॉटर पंप (तो याच बेल्टवर फिरतो, त्यामुळं मजुरी एकदाच), आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील, सगळं एका दमात. पंप जुना ठेवून नुसता बेल्ट बदलणं म्हणजे पाच-सहा महिन्यांनी सगळं परत उघडायचं.

हे घरी करायचं का? पहिल्यांदाच करत असशील तर एकट्यानं नको. क्रँक पुलीचा बोल्ट इतका कडक बसलेला असतो की साध्या पान्याला दाद देत नाही, पुली धरायला 50 एमएमचा हेक्स होल्डर लागतो, तो उद्यमबागेत कुठलाही टर्नर करून देईल. दुसरं, हे इंजिन इतरांच्या उलटं फिरतं, पुलीकडनं बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं, आणि फिरवायचं ते त्याच दिशेनं. टेन्शन सेट करताना आधी पाच-सहा वेढे हातानं फिरवून बेल्ट बसवायचा, टीडीसीला (1 नंबर पिस्टन सगळ्यात वर) आणायचं, टेन्शनरचा बोल्ट अर्धा वेढा सैल करायचा, मग कॅम पुलीचे 3 दात सरकतील एवढं त्याच उलट दिशेनं फिरवून बोल्ट आवळायचा. शेवटी परत दोन वेढे हातानं, सगळ्या खुणा जागेवर आल्या तरच चावी. एक दात चुकला तर गाडी चालते पण ओढत नाही, आणि मग लोक कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत कार्ब्युरेटर शोधत बसतात. जाणता मेकॅनिक आणि तू त्याच्या शेजारी, असं केलंस तर पुढच्या वेळी स्वतः करशील.

हे सगळं करायच्या आधी, एक पैसा घालायच्या आधी, कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते मोजणं). इंजिन गरम, चारी प्लग बाहेर, इंजेक्शन आणि इग्निशनचा करंट बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून क्रँक. या घराण्यातल्या इंजिनांना कमीत कमी 135 पीएसआय पाहिजे आणि चार सिलेंडरमधला फरक 28 च्या आत. चारी 160-170 च्या घरात एकसारखे आले तर तुझं नशीब चांगलं. शेजारशेजारचे दोन कमी आले तर गॅस्केट मधनं गेलीय. सगळेच कमी असतील तर प्रत्येकात थोडं ऑइल टाकून परत घे, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वाल्व, आणि वाल्वचं नुसतं सेटिंग पण असू शकतं. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रू आहेत, थंड इंजिनवर इनटेक 0.20 आणि एक्झॉस्ट 0.25 एमएमच्या आसपास. फीलर गेज आणि रविवारची सकाळ, एवढ्यात होतं. हे सेटिंग आयुष्यात एकदाही न केलेल्या सिट्या मी बघितल्यात.

गॅस्केट गेली असेल तर हेड काढून सरळ फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) पाठवू नका. स्ट्रेट एज ठेवून आधी मोजा. वाकडेपणा 0.05 एमएमच्या आत असेल तर हात लावायचा नाही, त्याच्यावर 0.2 पर्यंत फेसिंग चालतं, त्याच्यापुढं हेड बाद. माझ्याकडं एकजण असंच हेड घेऊन आला होता, आधी कुठंतरी "सफाईसाठी" म्हणून दोन वेळा घासून झालेलं, मोजलं तर घासायला काही उरलंच नव्हतं. ॲल्युमिनियम परत चिकटवता येत नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर मिळतं ते ई20, 20 टक्के इथेनॉल, आणि 2001 चं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. फ्युएल होज मऊ-फुगलेले किंवा चिरा पडलेले दिसले तर सगळे बदल, इंजेक्शनच्या दाबाला चालणारा जे30 आर9 छापलेला होज माग, कार्ब्युरेटरचा साधा होज गळ्यात मारून घेऊ नकोस. टाकीतला जुना गाळ इथेनॉलनं सुटतो, म्हणून फ्युएल फिल्टर एकदा आत्ता आणि एकदा काही महिन्यांनी.

ब्रेक आणि टायर याबद्दल वाद घालायचा नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आंबोली नाहीतर चोर्ला उतरताना तेच पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी डॉट 4, घरी होतं, एकजण पेडलवर आणि एकजण चाकाशी. टायरची नक्षी किती आहे ते नंतर, आधी कडेला चार आकडी नंबर बघ, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 2016-17 चे टायर नव्यासारखे दिसत असले तरी पावसात ते घसरगुंडी आहेत. आणि गाडीखाली जाताना जॅक स्टँडशिवाय नाही, दगड-विटा लावून तर अजिबात नाही.

आता तुझी यादी. कोन फिल्टर: बॉनेटच्या आत उघडा बसतो, इंजिनची गरम हवा ओढतो, आवाज छान येतो आणि पॉवर उलट कमी होते. कंपनीचा डबा बाहेरची गार हवा ओढतो. खानापूरकडची तांबडी धूळ एकदा बघितलीस तर तो विषय तू स्वतःच सोडशील. फ्री-फ्लो: आवाजाचे पैसे. खालचा टॉर्क जातो, आणि ट्रॅक्टरच्या मागनं ओव्हरटेक करायला तोच लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतनं वितळून बुजला असेल तर मात्र तो बदलून खरंच पॉवर परत येते, ते तपासून घे. लोअरिंग: आपल्या गावागावातले स्पीडब्रेकर कुठल्या मापानं घातलेत देवाला माहीत, संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) फोडून घेशील. त्या पैशात चारी शॉकअप, स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड नवीन टाक, गाडी अशी बसेल की खाली केल्यासारखी वाटेल. 16 ची अलॉय: जड चाक म्हणजे पिकअप गेला. 14 ची हलकी, 4 बाय 100 पीसीडीची (चार बोल्ट, 100 एमएमच्या वर्तुळावर) मिळाली तर घे, नाहीतर आहेत ती राहूदेत.

तुझ्या यादीत नसलेलं एक अपग्रेड मी सुचवतो, हेडलाइटचा रिले हार्नेस. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतो, बल्बला साडेतेराऐवजी बाराच मिळाले तर जवळपास तिसरा हिस्सा उजेड जातो. बॅटरीकडनं जाड वायर, दोन रिले, फ्यूज, चांगली अर्थ, बल्ब 60/55 वॉटचाच. 100 वॉटचे टाकून होल्डर वितळवू नकोस. ऊसाचा सीझन चालू झाला की चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात रात्री दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी डबल ट्रॉली समोर उभी असते, तेव्हा तुला हॉर्सपॉवर नको असते, दिसायला पाहिजे असतं.

इंजिन स्वॅप विसर. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर अपघातात इन्शुरन्स हात वर करेल. आणि तुझा कागदाचा प्रश्न आधीच आहे, एमएच-09 गाडी कर्नाटकात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर एनओसी आणून इथं नोंदणी करावी लागते, टॅक्स वेगळा. त्यात 20 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 2025 मध्ये 5 हजारवरनं 10 हजार झालीय. आरसीवरची मुदत कधीपर्यंत आहे ते आजच काढून बघ, कारण हे पैसे पण त्याच 70 हजारातनं जाणार.

म्हणजे माझा क्रम असा: कॉम्प्रेशन टेस्ट आणि कागद, मग बेल्ट-पंप-सील आणि रेडिएटर-थर्मोस्टॅट एकत्र (कुलंट एकदाच सांडायचा), रिले, वाल्व सेटिंग, व्हीटेकची जाळी, होज, मग ब्रेक-टायर, उरले तर सस्पेन्शन. टायर आणि शॉकअप एकाच वेळी 70 हजारात बसतीलच असं नाही, तसं झालं तर शॉकअप पुढच्या खेपेला. हेड उघडावं लागलं तर मात्र सस्पेन्शन पूर्ण बाजूला ठेव आणि टायर आधी.

कॉम्प्रेशनचे चार आकडे, 1 नंबर पुलीकडनं धरून, आणि पंपाचा आवाज येतो की नाही, एवढं लिही. आकडे खराब असतील तर हेड काढायच्या आधी लिही, काढल्यावर नको.